चारशेचा आकडा, तीनशे तेहतीसचा वेग

‘रोड फायटर’ हा व्हिडिओ गेम ज्यांनी लहानपणी खेळला आहे, त्यांना पडद्याच्या कडेला उमटणारा वेगाचा आकडा आठवत असेल. बटण दाबून धरले की लाल मोटार ताशी ४०० किलोमीटरपर्यंत चढते आणि मग आकडा तिथेच थांबून राहतो. १९९०च्या दशकात गोंदियात, तिरोड्यात किंवा तुमसरात ज्या मुलांनी हा आकडा अभिमानाने पाहिला, त्यांची मोटार मात्र बहुधा त्या वेगाने धावतच नव्हती. ४०० हा वेग जपानमधील मुलांसाठी खरा मानला, तर आपल्याकडची मोटार त्याच्या पाचषष्ठांश, म्हणजे सुमारे ३३३ च्या वेगाने धावत होती. हा उरलेला सहावा हिस्सा कुठे गेला, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटेल. परंतु एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. एकाच संहितेचे दोन पाठ समोर आले आहेत, एक मूळ म्हणवतो आणि दुसरा आपण प्रत्यक्ष वाचलेला आहे. अशा वेळी खरा कोणता, असाच तो प्रश्न आहे.

आधी संहितेविषयी. ‘रोड फायटर’ जपानच्या कोनामी या कंपनीने १९८४ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि १९८५ मध्ये निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रावर आणला. आकाशातून खाली पाहावे तसा रस्ता दिसतो, तो वरून खाली सरकत राहतो आणि आपली मोटार जवळपास जागच्या जागी राहून डावी-उजवीकडे हलते. ही दृष्टी कोनामीने शोधलेली नाही. १९७४ साली तोमोहिरो निशिकादो याने ताइतो कंपनीसाठी केलेल्या ‘स्पीड रेस’ या खेळात ती आधीच आढळते. याच निशिकादोने पुढे १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. १९८२ च्या ‘पोल पोझिशन’ने चालकाच्या पाठीमागून क्षितिजापर्यंत जाणारा रस्ता दाखवून शर्यतीच्या खेळांची दृष्टीच बदलली होती, तरीही कोनामीने दोन वर्षांनी जुनीच चाल स्वीकारली. त्यात मागासलेपण पाहण्याचे कारण नाही. वरून पाहिलेल्या रस्त्यावर समोरची प्रत्येक वस्तू एकाच मापाची राहते, दूरची लहान आणि जवळची मोठी असा भेद नसतो. त्यामुळे सारा खेळ अंतराचा आणि वेळेचा अंदाज एवढ्यावरच येऊन ठेपतो. काव्यातील एखादे वृत्त कवीला अलंकार वापरू देत नाही, त्याच जातीची ही शिस्त आहे.

शर्यत म्हणावी तर या खेळात प्रतिस्पर्धी नाही, ही त्याची खरी गंमत आहे. रस्त्यावर पुष्कळ मोटारी आहेत. काही सरळ रेषेत जातात, काही ऐनवेळी आडव्या येतात, आणि मालमोटारीला धडकलात तर तिथेच स्फोट होतो. परंतु त्यांपैकी कुणालाही हरवायचे नसते. पहिला-दुसरा क्रमांक नाही, फेऱ्या नाहीत. कडेला १०० पासून सुरू होणारा इंधनाचा आकडा उतरत असतो आणि तो शून्यावर येण्यापूर्वी टप्पा गाठायचा असतो. मधेच एखादी रंगीबेरंगी मोटार येते, तिला स्पर्श केला की थोडे इंधन मिळते. घरगुती आवृत्तीत असे चार टप्पे आहेत. आमच्या भागात सुगीनंतर भरणारे शंकरपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. पटावर दोन जोड्या एकमेकींविरुद्ध सोडतात तशा एकेक जोडी सोडून सेकंद मोजण्याचीही रीत आहे. तिथे बैलांचा सामना शेजारच्या बैलांशी नसून घड्याळाशी असतो. आम्ही मुले या खेळाला ‘गाडीवाला गेम’ म्हणत असू. त्यात कुणाला हरवले असे कोणी सांगत नसे, कुठपर्यंत गेलो ते सांगत असे.

हा खेळ गोंदियापर्यंत पोचला कसा? फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. भारतात त्याची परवान्याने विकली जाणारी आवृत्ती ‘समुराई’ या नावाने होती, परंतु गावोगावी पसरली ती तैवानी सुट्या भागांवर उभी राहिलेली नकल यंत्रे. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही त्यांची नावे त्या पिढीला अजून पाठ असतील. मूळ यंत्राचा मेंदू आणि चित्र काढणारा भाग या दोहोंच्या नकला तैवानच्या यूएमसी या कंपनीने केल्या होत्या. १९९१ नंतर बाजार मोकळा होत गेला आणि अशी यंत्रे महानगरांतून नागपुरात, नागपुरातून पुढे हावड्याच्या लोहमार्गावरील आमच्या जंक्शनापर्यंत आली. गोंदिया तेव्हा जिल्हाही नव्हता. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून तो वेगळा झाला. धानगिरण्या, तेंदूपाने, विड्यांचे कारखाने आणि रेल्वे यांवर जगणाऱ्या या गावात यंत्र विकत घेणारी घरे मोजकीच होती. बाकीच्यांसाठी दुकाने होती. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने देणाऱ्यानेच एका कोपऱ्यात दोन टीव्ही मांडून तासाच्या हिशेबाने खेळू द्यायचे, हा धंद्याचा साधा विस्तार होता. (कोनामी ही कंपनीदेखील १९६९ मध्ये ओसाकाकडे ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यातूनच उभी राहिली. म्हणजे गोरेलाल चौकातल्या एखाद्या दुकानदाराचे आणि तिच्या संस्थापकाचे गोत्र एकच म्हणायचे.) त्या बाकांवर मुली जवळजवळ नसत. ज्या घरात यंत्र होते त्या घरातल्या मुली खेळल्या. इतरांच्या वाट्याला हा खेळ आला नाही, आणि ‘आमच्या पिढीचे बालपण’ असे लिहिताना ‘आमच्या’ या शब्दाचा पल्ला किती आखूड आहे हे ध्यानात ठेवलेले बरे.

खेळ ज्या प्लॅस्टिकच्या डबीत येई तिला आम्ही कॅसेट म्हणत असू. ती चालली नाही की तोंडाने फुंकायची, पुन्हा खुपसायची. तिच्यावर आकडे छापलेले असत: ९९ इन १, ९९९९ इन १, पुढे तर ९९९९९९९ इन १. प्रत्यक्षात खेळ काही मोजकेच असत. तेच खेळ नाव बदलून किंवा सुरुवातीचा टप्पा बदलून यादीत पुन्हा पुन्हा घातलेले असत. असे एकत्र बांधणे शक्य झाले याचे कारण या सुरुवातीच्या खेळांचा आकार. त्यांचा सगळा ऐवज, म्हणजे रस्ते, मोटारी, आवाज आणि नियम, २४ ते ४० किलोबाइटांत मावत असे. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्र त्याच्या शंभरपट जागा सहज घेते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही कॅसेट पाहून बाडाची आठवण व्हावी. एकाच बाडात कुणाचे आख्यान, कुणाची आरती, कुणाचे औषधाचे टिपण; कर्त्याचे नाव कधी आहे, कधी गळाले आहे, कधी चुकीचे आहे. नकल करणाऱ्यांनी अनेक खेळांच्या पहिल्या पानावरची कंपनीची आणि सालाची ओळ पुसून टाकलेली असे. पुष्पिका काढून टाकलेली पोथीच ती. परिणामी आम्ही निन्टेन्डो, कोनामी, नामको ही नावे न वाचताच त्यांचे खेळ खेळलो. याच कॅसेटींमधला ‘एफ-१ रेस’ हा १९८४ चा खेळ ज्याने प्रोग्रॅम केला तो सातोरू इवाता २००२ मध्ये निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला, हे मला मध्यम वयात कळले.

तरीही एक खूण नकलकारांच्या हातून सुटली. ‘रोड फायटर’मध्ये बराच वेळ न धडकता गाडी नेली की रस्त्याच्या कडेने झगा घातलेला एक माणूस उडत जातो. आम्ही त्याला सुपरमॅन म्हणत असू आणि तो दिसला हे सांगायला दुसऱ्या दिवशी शाळेत जात असू. तो सुपरमॅन नाही. तो ‘कोनामी मॅन’ आहे, कंपनीने आपल्या खेळांत पेरलेले स्वतःचे पात्र. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव गुंफलेले असते, म्हणून पोथीचे पहिले पान फाटले तरी कर्ता हरवत नाही. तशी ही संहितेच्या आत विणलेली नाममुद्रा होती. पहिल्या पानावरचे नाव पुसणे सोपे होते, पण रस्त्यावरून उडणारा माणूस काढायचा तर खेळच उसवावा लागला असता. आम्हाला मात्र ही मुद्रा वाचता आली नाही. ज्या परंपरेची अक्षरे ठाऊक नाहीत तिच्यातली सही वाचकाला चित्र म्हणूनच दिसते.

आता त्या सहाव्या हिश्श्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या सीताबर्डीतून ‘४०० इन १’ असे लिहिलेले, तळहातावर मावणारे एक यंत्र आणले. त्यात ‘रोड फायटर’ होताच. खेळायला बसलो आणि पहिल्या टप्प्यातच मोटार तीनदा कठड्यावर आदळली. वयाचा परिणाम, असे घरच्यांनी लगेच ठरवून टाकले. पण आवाजही वेगळा वाटत होता: सुरुवातीची धून सूर तोच ठेवून घाईघाईने उरकल्यासारखी. मग एका नातेवाइकाच्या माळ्यावरून जुने यंत्र काढले, ते नशिबाने सुरू झाले, आणि जुन्या टीव्हीवर तोच टप्पा लावला. तिथे मोटार माझ्या हाताला ओळखत होती. मोबाइलच्या घड्याळाने दोन्हींचा वेळ मोजला तेव्हा एकावर ज्याला पाच मात्रा लागतात त्याला दुसऱ्यावर सहा लागत होत्या.

कारण असे. जपानची आणि अमेरिकेची दूरचित्रवाणी सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवीत असे. आपली पाल पद्धतीची, ५० वेळा. त्या काळचे खेळ वेळ मोजायला वेगळे घड्याळ वापरत नसत. पडदा एकदा रंगला की मोटार एक पाऊल पुढे, असा सारा हिशेब. पडदे कमी तर पावले कमी. वेगाचा आकडा ४०० दाखवतो, कारण तो खेळातल्या नियमाने ठरतो. बाहेरच्या काळाची त्याला खबर नसते. इंधनही त्याच पावलांनी उतरते, त्यामुळे टप्पा गाठण्याचे गणित बिघडत नाही. बदलते ते एकच: आडव्या आलेल्या मोटारीला चुकवायला माणसाच्या बोटांना मिळणारा अवधी. आम्हाला जपानी मुलांपेक्षा तो एकपंचमांशाने अधिक मिळाला. आम्ही कुशल होतो खरे, पण जरा सैल तालावर कुशल होतो.

यातला तैवानी अभियंत्यांचा तोडगा मला फार आवडतो. युरोपसाठी निन्टेन्डोने स्वतः केलेल्या पाल यंत्रात मेंदूची गतीही उतरवली होती, आणि त्यामुळे जपानी खेळ त्यावर कधी कधी बिघडत. नकल यंत्रांचे सारे जगणेच जपानी कॅसेटींवर अवलंबून होते. त्यांना हे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी मेंदूची गती जवळपास जपानी यंत्राइतकीच ठेवली आणि पडदा रंगवून झाला की पुढचा पडदा सुरू करण्याआधी थांबण्याचा काळ तेवढा वाढवला. जपानी पद्धतीत एका पडद्याला २६२ ओळी लागतात, पालला ३१२; वाढलेल्या ५० ओळींच्या वेळात यंत्र काही न करता थांबते. ओवी म्हणणाऱ्याने शब्दांची गती तीच ठेवावी आणि प्रत्येक ओवीनंतर श्वास लांबवावा, तसे. त्यामुळे सूर बदलत नाही, लय बदलते. ‘नकल’ हा शब्द आपण हलक्या अर्थाने वापरतो. इथे नकलकाराने मूळ संहिता दुसऱ्या भूमीत जगेल कशी याचा मूळ कर्त्यापेक्षा बारकाईने विचार केला होता.

मग प्रमाण पाठ कोणता? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, आणि त्या शिस्तीत गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची कथा मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली. संपादनाच्या न्यायाने हे योग्यच होते. पण म्हणून घराघरांत गणपती लेखणी खाली ठेवणार नाही. संपादकाची संहिता आणि समाजाने जगलेली संहिता या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि इतिहासाला दोन्ही लागतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, याचा अर्थ तोवर लोक ‘अशुद्ध’ ज्ञानेश्वरी श्रद्धेने वाचत होते असाही होतो. त्या तीन शतकांतील वाचकांना आपण ज्ञानेश्वरीचे वाचक मानायचे की नाही? आमच्या झाडीपट्टीत तर हा पेच दर हंगामात उभा राहतो. दिवसा पट, रात्री नाटक. आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. लेखकाने लिहिलेल्या संहितेत गाणी शिरतात, विनोदी प्रवेश वाढतात, प्रेक्षकांच्या कलाने तिची लय लांबते. छापील नाटक हातात घेऊन ‘हे मूळ आणि ते विकृत’ असे म्हणणाऱ्याला वडसा-देसाईगंजच्या मंडळींनी हसून चहा पाजला असता.

जुन्या खेळांचे जतन करणारे आज जगभर आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु जतन म्हणजे मूळ जपानी वा अमेरिकी लय परत मिळवणे, असे बहुतेकदा गृहीत धरलेले असते. निन्टेन्डोने २०१६ मध्ये जुने यंत्र छोट्या रूपात पुन्हा विक्रीस आणले तेव्हा युरोपीय ग्राहकांनाही खेळ ६० च्या लयीतच दिले. तो शुद्ध पाठ. ज्यांनी ५० च्या लयीत बालपण घालवले त्यांना तो प्रथमच भेटत होता. हे खेळ चोरीच्या नकलांतून आले, त्यांच्या कर्त्यांना आमच्या गावातून एक पैसाही गेला नाही, म्हणून या पाठाला इतिहासात जागा देऊ नये, असे माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. कर्त्याचे देणे बुडाले हे खरे आहे आणि ते गोड शब्दांत झाकण्याची मला इच्छा नाही. पण देणे बुडवून वाचलेले पुस्तकही वाचलेलेच असते. वाचनाचा इतिहास विक्रीच्या नोंदींवरून लिहायला बसलो तर गोंदियात व्हिडिओ गेम कधी आलाच नाही असे लिहावे लागेल. ना परवाना, ना पावती, ना वृत्तपत्रात जाहिरात. दुकाने एकेक करून सायबर कॅफे झाली, मग मोबाइलची दुकाने झाली. यंत्रे भंगारात गेली. उरले ते हातांना लागलेले वळण, आणि तेही साठीनंतर उरत नाही.

संगणकावर जुनी यंत्रे हुबेहूब वठवणारे जे कार्यक्रम आहेत, त्यांतील ‘मेसेन’ किंवा ‘एफसीईयूएक्स’ उघडून पाहावा. प्रदेश निवडायच्या यादीत जपान-अमेरिकेची पद्धत आहे, युरोपची पाल आहे, आणि त्याखाली तिसरे नाव आहे: ‘डेंडी’. डेंडी हे रशियातील नकल यंत्र. स्टीपलर नावाच्या कंपनीने डिसेंबर १९९२ मध्ये ते तिथे विक्रीस आणले. तेही तैवानमध्येच तयार झालेले आणि त्याच पन्नास ओळींचा श्वास घेणारे. रशियातल्या मुलांनी मोठेपणी आपल्या यंत्रावर भरपूर लिहिले, त्याची लय मोजली, चर्चा केली; म्हणून त्या पाठाला त्यांचे नाव मिळाले. आमचा पाठही तोच आहे. या वर्षी पाठचिकित्सेच्या तासाला मी तो कार्यक्रम भिंतीवर दाखवला, यादीतून ‘डेंडी’ निवडले आणि खेळ सुरू केला. धून संथ झाली, लाल मोटार निघाली, आकडा ४०० वर चढला. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रशियाचं का म्हणतात याला?”